वेटिंग अकरा

नमस्कार ताई,

मी चोपडा तालुक्यातली, वय 27. जळगावला, आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पीएच.डी.ची नोंदणी होऊन दीड वर्ष झालं. विषय रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी कापणीच्या टोळ्यांचा आहे. टोळीत कोण असतं, कुठून येतं, मजुरी कोण ठरवतं, बाया किती. कोर्सवर्क झालं, आराखडा मंजूर झाला. जानेवारीत एका अधिछात्रवृत्तीची (फेलोशिपची) मुलाखत दिली. मार्चमध्ये यादी लागली, तीत मी प्रतीक्षा यादीत, अकरावी. खाली एकच ओळ: 'जागा रिक्त झाल्यास विचार करण्यात येईल.'

तेव्हापासून उठल्या उठल्या संकेतस्थळ बघते, दुपारी बघते, रात्री गच्चीवर रेंज येते म्हणून तिथे जाऊन बघते. कार्यालयात फोन केला की 'साइटवर बघत राहा' म्हणतात. सर म्हणतात, थांब, होईल. वडील रोज शेतातून आले की विचारतात, 'काय व्हयनं वं?' आता त्यांच्या यायच्या वेळेलाच मी गच्चीवर जाते. जुलैपासून एका महाविद्यालयाने तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलंय. घेतलं आणि अधिछात्रवृत्ती आली तर? नाही घेतलं आणि ती आलीच नाही तर? सावद्याचे एक मुकादम 'टोळीबरोबर या पुढच्या आठवड्यात' म्हणाले होते, पण प्रवासाला, रेकॉर्डरला पैसे लागतात, म्हणून यादी हलली की जाऊ असं ठरवलं.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. निवड झालेल्यांत माझी एक मैत्रीण आहे. वरच्यांपैकी कुणीतरी सोडावं असं सारखं मनात येतं आणि मग माझी मलाच लाज वाटते. काय करू?

प्रतीक्षा यादीतली

---

प्रिय प्रतीक्षा यादीतली,

शेवटून सुरुवात करते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

वरच्या कुणीतरी सोडावं असं वाटण्यात पाप नाही. प्रतीक्षा यादी पुढे सरकायचा दुसरा मार्गच नाही. आता असं बघ, लोक मंजूर झालेली अधिछात्रवृत्ती कधी सोडतात? सहायक प्राध्यापकाची नोकरी लागली की सोडतात, यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली की सोडतात, बाहेरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला की सोडतात. म्हणजे तुझ्या वरच्यांपैकी अकरा जणांचं चांगलं झालं तर तुझं होणार. तेव्हा त्यांना नोकरी लागो अशी कानबाईला बिनधास्त प्रार्थना कर. आणि मैत्रिणीला आजच्या आज अभिनंदनाचा फोन कर. तीन महिने उशीर झालाय, तिलाही ते कळलं असेल. 'मला जड गेलं गं' एवढं म्हटलंस तरी पुरे.

आता त्या अकरा आकड्याकडे येऊ. आपण खान्देशातली माणसं, वेटिंग म्हणजे काय हे आपल्याला भुसावळ जंक्शनने शिकवलंय. गाडी जिथून सुटते तिथल्या सामान्य वेटिंगमध्ये वीस नंबरसुद्धा पुष्कळदा कन्फर्म होऊन जातो. आणि मधल्या स्टेशनच्या कोट्यातलं तिकीट असलं की पाच नंबरवरही चार्ट लागेपर्यंत माणूस लटकलेला. नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही, कोटा विचारावा लागतो. तू मला अकरा सांगितलंस, पण कशातलं अकरा ते सांगितलं नाहीस. सगळ्यांची मिळून एक यादी आहे, की प्रवर्गानुसार वेगळी? की विषयानुसार? महिलांचं आरक्षण आतमध्ये कसं लावलंय? सामाजिक शास्त्रांच्या चारच जागा असतील तर अकरा फार लांब आहे. एकत्र दोनशे जागा असतील तर अकरा म्हणजे दारातच उभं राहणं. तुला हे माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याच्यावर तू रोज रात्री गच्चीवर बसून हिशेब मांडते आहेस.

म्हणून आधी पत्र लिही. फोन नको, फोनवर 'साइटवर बघत राहा' हेच मिळणार. तिथला माणूस वाईट असतो असं नाही, त्याला तेवढंच बोलायची मुभा असते. ईमेल कर आणि तोच मजकूर स्पीड पोस्टानेही पाठव. तीन गोष्टी विचार. प्रतीक्षा यादी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे? निवड झालेल्यांपैकी किती जण रुजू झाले, किती नाहीत? मागच्या दोन-तीन वर्षांत प्रतीक्षा यादीतल्या किती जणांना लाभ मिळाला? पत्र अर्ध्या पानाचं असू दे. वडिलांची परिस्थिती, आपली मेहनत, यातलं काही घालू नको. ते वाचणाऱ्याच्या हातात त्याचं काही करण्यासारखं नसतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. दहा रुपये शुल्क, ऑनलाइनही होतो, आणि कार्यालयाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर पहिलं अपील. फक्त 'मला का घेतलं नाही' असं विचारू नको. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, खुलासा नाही. यादीची प्रत, रुजू झालेल्यांची संख्या, मुदतीचा आदेश, असं माग. 'अर्ज टाकला तर माझं नाव खराब होईल' ही भीती मला ठाऊक आहे, माझ्या विद्यार्थिनींना ती नेहमी वाटायची. तुझा नंबर कागदावर आहे, तो अर्जामुळे बारा होत नाही.

हे मी एवढं खोलात सांगते आहे त्याला कारण आहे. तुझ्या वयाची असताना मीही अशाच एका यादीत होते, चौथी. तेव्हा साइट नव्हती, पोस्टमन होता. धुळ्याच्या आमच्या वाड्यात तो साडेअकराला यायचा आणि मी सव्वाअकरापासून दारात तांदूळ निवडत बसायची. घरात एवढे तांदूळही नव्हते, तेच तेच निवडायचे. आठ महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या कार्यालयात गेले तेव्हा एका लिपिक बाईंनी सहज सांगितलं की ती यादी तर मार्चअखेरीसच संपली. यादी संपल्याचं पत्र कुणी पाठवत नाही गं. होकार आला तर टपालाने येतो, नकार येतच नाही. त्यामुळे तारीख आपली आपण ठरवावी लागते.

तुझ्या वडिलांचंही यातच येतं. 'काय व्हयनं वं' या प्रश्नाने तू पळतेस, पण त्यांच्या बाजूने जरा बघ. तुमच्याकडे केळी असेलच. लावली की निसवण साधारण कधी होणार, म्हणजे घड कधी बाहेर पडणार, घड कापायला कधी येणार, हे त्यांना बोटांवर मोजता येतं. अकरा-बारा महिने. बऱ्हाणपूरच्या केळी बाजारात त्या दिवशी काय भाव फुटेल ते मात्र देवालाही माहीत नाही. त्यांना तारीख माहीत असते, भाव माहीत नसतो. तुझं बरोबर उलटं आहे. भाव माहीत आहे: यूजीसीच्या जेआरएफचा दर 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनंतर 42,000, आणि बऱ्याच अधिछात्रवृत्त्या तोच धरून चालतात. तारीख मात्र नाही. भावाची वाट बघायची सवय त्यांना आयुष्यभराची आहे. तारीख नसलेलं पीक त्यांनी कधी पाहिलेलं नाही, म्हणून ते रोज विचारतात. त्यांना तारीख दे.

मी असते तर पोळा धरला असता. 'आबा, पोळ्यापर्यंत बघते. तोवर रोज विचारू नका, काही झालं तर मीच येऊन सांगेन. पोळ्यापर्यंत नाही झालं तर ही यादी माझ्यापुरती संपली.' तोवर तुझ्या पत्राचं किंवा माहिती अधिकाराचं उत्तर आलेलं असेल, कॉलेज सुरू होऊन दोन महिने होत आलेले असतील. पोळ्यानंतर कधी बोलावणं आलंच तर जाऊन घे, कुणी नाही म्हणत नाही. फक्त त्याच्या भरवशावर काही ठेवायचं नाही. आणि हे गच्चीवरून ओरडून सांगू नको. ते हातपाय धुऊन चहाला बसले की समोर बसून सांग.

तासिका तत्त्वाचं काम घे. घेण्याआधी मात्र तिथे गेल्या वर्षी शिकवलेल्या एखाद्या बाईंना गाठ आणि विचार, पहिलं मानधन हातात कोणत्या महिन्यात पडलं. दर काय आहे हे सगळे सांगतात, कधी मिळालं ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. महिनोन्महिने मानधन अडकलेले लोक आपल्या तिन्ही जिल्ह्यांत सापडतील. जायला-यायला लागणारे पैसे आधीच तुझ्या खिशातून जाणार असतील तर ते धरून हिशेब कर. तास सलग तीन दिवसांत बसवून मागून घे, सुरुवातीलाच, वेळापत्रक व्हायच्या आधी. नंतर कुणी बदलून देत नाही.

अधिछात्रवृत्ती आली तर? मग हे काम सोडायचं. अशा बहुतेक योजनांत पूर्णवेळ संशोधन करतो आणि दुसरीकडून पगार घेत नाही असं हमीपत्र द्यावं लागतं. तुझ्या जाहिरातीत नेमकं काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाच, आणि कॉलेजलाही आधीच सांगून ठेव की असं झालं तर मी जाईन. एक मात्र करू नको. 'नोकरी करतेसच तर नोंदणी अर्धवेळ करून टाक' असा सल्ला कुणीतरी देईल. अर्धवेळ पीएच.डी. यूजीसीला चालते, त्यात गैर काही नाही, पण पूर्णवेळाची अट असलेल्या अधिछात्रवृत्तीतून तू त्या सहीने बाहेर पडशील. घाईत सही नको.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला कुठेच दिसली नाही. तुझी यादी थांबलेली आहे. नोंदणी थांबलेली नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात, बायकांना आणखी दोन मिळू शकतात, ते खरं. पण ती सवलत बाळंतपण, आजारपण, घरचं संकट यांच्यासाठी शिल्लक ठेवावी. सहातलं दीड गेलं. त्यातले मार्चपासूनचे तीन महिने तू साइट बघण्यात घालवलेस. पैसे आले तरी हे महिने परत मिळत नाहीत.

सर 'थांब, होईल' म्हणतात ते खोटं बोलत नाहीत. त्यांना तसं म्हणायला काही लागत नाही एवढंच. त्यांच्याकडून धीर मागू नको, काम माग. विभागाकडे एखादा छोटा प्रकल्प आहे का, त्यात तुझा क्षेत्रकार्याचा प्रवास बसतो का? आराखड्यातली गावं कमी करता येतील का? आणि पुढच्या जाहिरातींसाठी शिफारसपत्र आत्ताच लिहून माग, शेवटच्या दिवशी नको.

पुढच्या जाहिराती हा शब्द वाचून तुझा चेहरा पडला असेल. पण एकाच दारात उभं राहून कसं चालेल? आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप आहे, सामाजिक शास्त्रांसाठीच, रक्कम जेआरएफपेक्षा कमी. नेटची परीक्षा पुन्हा दे, जेआरएफसाठी. घरात तू एकटीच मूल असशील तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती. यातली तू जिथे बसतेस तिथली जाहिरात स्वतः वाच, व्हॉट्सअॅपवर फिरणारा तिचा फोटो वाचू नको. त्यात तारखा कापलेल्या असतात. जातपडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, नोंदणीचं पत्र, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेव. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघ. ऐन वेळी तहसीलच्या रांगेत उभं राहून रडणाऱ्या किती मुली मी पाहिल्यात.

कुणीतरी तुला राजवाड्यांचं उदाहरण देईलच, आमच्या धुळ्यात तर ते सगळ्यांच्या तोंडी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हाताने रांधून खात, दारोदार फिरून जुनी कागदपत्रांची दप्तरं गोळा करत, कुणाच्या अनुदानाची वाट न बघता मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढत. 1926 साली धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात मी आयुष्यातल्या चांगल्या दुपारी काढल्यात, माझा त्यांच्याबद्दल आदर कुणापेक्षा कमी नाही. पण तुझ्यासमोर कुणी ते उदाहरण ठेवलं तर ऐकून सोडून दे. राजवाड्यांना दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा नव्हता आणि घरी कुणी 'काय व्हयनं वं' विचारत नव्हतं. संशोधनाला पैसे लागतात. ते मागण्यात कमीपणा नाही.

साइट बघण्याबद्दल. एकदम बंद कर म्हटलं तर तू करणार नाहीस, मीही केलं नसतं. सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी चारला, एकदा. त्या पीडीएफ कुणीतरी कार्यालयात बसून चढवतं, पहाटे पाचला नाही. मधल्या दिवसांत तुझ्याच यादीतल्या कुणाला सांगून ठेव, काही हललं तर कळव म्हणून. प्रतीक्षा यादीतली बाकीची माणसंही कुठेतरी गच्चीवर बसलेलीच आहेत.

झोप येत नसेल, जेवण जात नसेल, आणि हे दोन-तीन आठवडे सलग चाललं असेल तर ते यादीवर ढकलू नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जळगावच्या सरकारी रुग्णालयातही मानसोपचाराचे डॉक्टर असतात. ताप आला तर जातेसच ना?

तुझं मूळ पत्र बरंच लांब होतं, वर मी ते कापून दिलंय. साडेतीन पानं यादीबद्दल होती. अर्धं पान टोळीबद्दल होतं, ते मी कापलं आणि नंतर दोनदा वाचलं. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून कधीच जात नाही, म्हणून टोळीतल्या माणसांचा कामाचा एकच जोड असतो, काळा पडलेला, आणि बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. एका बाईने तुला सांगितलं की सणाला नवी साडी नेसली तरी हात पदराखाली ठेवते, कारण नखांतला चीक निघत नाही. हे तू फक्त एका दिवसात टिपलंस, पैसे नसताना, साध्या वहीत. रेकॉर्डर लागतो म्हणतेस, तो तुझ्या मोबाईलमध्ये आहे. चोपड्याहून यावल, फैजपूर, सावदा ही एसटी सरळ रस्त्याने जाते आणि बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. आठवड्यातून एक खेप तुला परवडेल, मानधन हातात पडायला लागलं की दोन. पहाटे टोळी निघते तेव्हा पोचायचं तर आदल्या रात्री कुणाकडे मुक्काम लागेल. त्या शर्टवाल्या बाईलाच विचारून बघ.

आणि सावद्याच्या त्या मुकादमांना आज फोन कर. 'पुढच्या आठवड्यात या' म्हणाले होते ना? तेही तीन महिने वाट बघतायत.

तुझी,
ताई